उकंडरावांची पाहुणी

बरणी उचलायच्या आधी उकंडराव तिच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करायचे. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतभर कपाटं आहेत आणि त्यांत साप, विंचू, बेडूक, खेकडे असे सगळे वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमध्ये बसलेले आहेत. सगळे मेलेले. त्यांच्या दारावर हा माणूस रोज टकटक करायचा. मी नवीन लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलं, झाकण सैल आहे का ते बघता का? "नाई जी मॅडम," ते म्हणाले, "उचलाच्या आंधी सांगा लागते." कोणाला सांगा लागते, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. पुढे इतकी सवय झाली की तो आवाज मला ऐकू येईनासाच झाला.

ते आमचे परिचर. म्हणजे कागदावर परिचर; खरं सांगायचं तर प्रयोगशाळा त्यांची होती आणि आम्ही प्राध्यापक मंडळी तिथे येऊन-जाऊन होतो. अचलपूरजवळच्या खेड्यातले. त्यांच्या आधीची तीन भावंडं वाचली नव्हती, म्हणून हे जन्मले तेव्हा आईने त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीने उचलून, मला सापडलं, तुला हवं का, असं म्हणत परत आणून दिलं. मूल आपलं नाही, सापडलेलं आहे, असं दिसलं की त्याच्यावर कोणाची नजर जात नाही अशी आमच्या वऱ्हाडातली समजूत. उकिरड्याला आमच्याकडे उकंडा म्हणतात, त्यावरून नाव पडलं उकंडा. नोकरीत लागल्यावर त्याचं उकंडराव झालं. मी हाक मारताना उकंडभाऊ म्हणायची.

झुरळं पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विच्छेदन चालू होतं त्या काळात परीक्षेच्या आदल्या दिवशी होस्टेलच्या मेसमध्ये जाऊन ते एका तासात पिशवी भरून आणायचे, आणि एकाचीही मिशी तुटलेली नसायची. अक्षर तर असं, की बरण्यांवरची लेबलं बघायला दुसऱ्या कॉलेजचे लोक यायचे. लेबलावर चार ओळी असत: नाव, ठिकाण, तारीख आणि संग्राहक. संग्राहक म्हणजे ज्याने तो प्राणी गोळा केला तो. तिथे नाव मात्र आम्हा प्राध्यापकांचं. माझ्या नावावर परतवाड्याची एक गोम आहे. त्या दिवशी मी परतवाड्याला गेलेच नव्हते, घरी लोणचं घालत होते. मला त्याचं काही वाटत नव्हतं, हे आता लिहिताना वाटतंय.

निवृत्त झाल्यावर चार-पाच महिन्यांनी एक दिवस ते स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. चेहऱ्यावर परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आल्यासारखा भाव. मग म्हणाले, "मॅडम, गोम पानी कसं पेते?"

आता मी वीस वर्षं गोम शिकवत होते. तिचे पाय किती, विषाची नांगी कुठे, श्वासाची भोकं कोणत्या बाजूला, सगळं फळ्यावर काढून दाखवायची. पाणी पिते का? पीत असेल. कसं पिते? मी कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं, गोमेचं प्रकरण उघडलं, चाळलं, पुन्हा चाळलं. उकंडराव दारातच उभे. शेवटी तेच म्हणाले की राहू द्या जी, पुस्तकात मेलेलीच असन. मला राग आला, पण कोणाचा ते कळेना. मी पर्स उचलली आणि म्हटलं चला, दाखवा.

शेगाव नाक्यापलीकडे त्यांच्या दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी चंदा अकोल्याला दिलेली. बाहेरच्या खोलीत कॉलेजने भंगारात काढलेली माशांची काचेची टाकी, वर जाळीचं झाकण. आत माती, मातीवर छपराचं अर्धं कवेलू, आणि सोड्याच्या बाटलीच्या झाकणात पाणी. उकंडरावांनी काचेवर टकटक केली, मग चिमट्याने कवेलू उचललं. खालून वीतभर लांब, काळपट हिरव्या पाठीची, पिवळ्या पायांची गोम निघाली आणि सरसर काचेपर्यंत आली. मी दोन पावलं मागे. प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, बरं का.

ती आली कशी, तर मोरीत घासायला ठेवलेला जेवणाचा डबा उघडा होता, त्यात ती आपण होऊन शिरून बसली. यांनी झाकण लावलं आणि सवयीने हात फॉर्मॅलिनच्या बाटलीकडे गेला. पण घरात कुठलं फॉर्मॅलिन? सकाळी कॉलेजात नेऊ म्हटलं तर दोन दिवस सुट्टी. मग झाकणाला भोकं पाडली, आणि दोन दिवस दुसरं काही काम नसल्यामुळे उघडून उघडून बघत बसले. "तिसऱ्या रोजी थे मिशा धून राह्यली होती जी," ते मला सांगत होते आणि स्वतःच्या दोन बोटांनी दाखवत होते, एकेक मिशी तोंडात धरून मुळापासून टोकापर्यंत कशी ओढते ते. "इतक्या गोमा भरल्या म्या बरनीत. मिशा धुतानी एकबी नाई दिसली."

म्हणजे पाळलीत, असं मी म्हटल्यावर त्यांना ते आवडलं नाही. पाळली नाई, थे आली, पाहुनी हाय, असं त्यांचं म्हणणं. पण पाहुणी किती दिवस ठेवायची, कशासाठी? एवढं विषारी जनावर, त्यात तुम्ही एकटे. त्यावर ते टाकीकडे बघत म्हणाले, "मले इचारू नका, मीच गोंधळून हाओ." मला वाटलं टाळतायत. तसं नव्हतं. माणूस खरंच गोंधळलेला होता, आणि त्या दिवसापासून मीही त्यांच्या गोंधळात सामील झाले.

गल्लीत अर्थातच बोभाटा. एका शेजारणीने सांगितलं की गोम कानात शिरते, चपलेने ठेचा. दुसरीने सांगितलं की ही लक्ष्मी आहे, चुकूनही घालवू नका. उकंडरावांनी दोघींचं ऐकून घेतलं. मला मात्र म्हणाले की दोघी सांगून गेल्या, पण पाहायला कोणी वाकली नाही.

आधी त्यांनी गावच्या शेतातली काळी माती घातली. ती वाळून तडकली आणि गोम भेगेत जाऊन बसली ती दोन दिवस सापडेना. तेव्हा त्यांनी मला फोन केला होता. मी काय सांगणार, कपाळ? मग त्यांनी रेती कालवली, देवळातल्या नारळांच्या शेंड्या पिंजून घातल्या. उन्हाळा लागला तसा कूलर टाकीसमोर वळवला आणि आपली खाट कोरड्या कोपऱ्यात नेली. आठ दिवसांनी एक झुरळ, तेही स्वतः पकडून, एक पाय न मोडता. एका वहीत त्या सुंदर अक्षरात नोंदी असत: मंगळवार, खाल्लं नाही. शुक्रवार, मिशा धुतल्या. रविवार, दिवसभर दिसली नाही, काळजी. गोम झाकणातलं पाणी तोंड टेकवून पिते, हे त्या वहीत मी वाचलं आणि पुढच्या वर्षी वर्गात सांगितलं. कोणाकडून कळलं ते सांगितलं नाही.

तशी दोन वर्षं गेली. मग माझ्या लक्षात आलं की ते पाणी झाकणाच्या बाहेर ओततायत. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. एकदा मी गेले तर गोम जाळीच्या झाकणाला आतून चिकटलेली आणि हे कवेलूखाली शोधतायत, बोटं झाकणावर. मी त्यांचा हात मागे ओढला. त्याच आठवड्यात अकोल्याहून चंदाचाही फोन आला. डॉक्टर ठरला होता, तारीख तीनदा ठरून मोडली होती. "बाबा म्हनते पाहुनीले कोन पाहीन," ती रडकुंडीला आली होती. "मॅडम, तुमचंच आयकते थे. आंधळा होईन माहा बाप त्या किड्यापायी." मी तिला म्हटलं, पाठवते. आणि उकंडरावांना म्हटलं, महिनाभर मी सांभाळते.

त्यांनी विचार करायला दोन दिवस घेतले. मग टाकी मांडीवर धरून ऑटोने आमच्याकडे आले. सोबत एक कागद, अक्षर आता थोडं वाकडं: पाणी झाकणात. आठ दिवसांनी झुरळ. हात घालू नये. कवेलू उचलण्याआधी टकटक. ऑटोत परत बसताना ते मला म्हणाले, "मॅडम, मेल्याचं आपल्याले सारं ठाव हाय. जित्याचं काई ठाव नाई. काई वाटलं तं फोन करजा." मी हसले. मला तेव्हा स्वतःबद्दल बरीच खात्री होती.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात तिने झुरळ खाल्लं नाही. रंग मळका दिसायला लागला, हालचाल मंद. फोन करावा असं वाटलं. पण त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं, उगाच जिवाला घोर कशाला? हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की एका परिचराला फोन करून गोमेला काय झालंय हे विचारायचं मला जड जात होतं.

एका शनिवारी कॉलेजातून दुपारी घरी आले तर वीज गेलेली. एप्रिलमधली अमरावती, कूलर बंद, घराची भट्टी. मी पदर खोचून धावत टाकीशी गेले आणि टकटक न करताच कवेलू उचललं. ती अर्धवट कुशीवर पडली होती. पांढुरकी, ढिली, पाय इकडेतिकडे. चिमट्याने हलवून पाहिलं. काही नाही. पुन्हा हलवलं. नाही. बाजूला कांद्याच्या सालीसारखं काहीतरी चुरगळून पडलं होतं, ते नारळाच्या शेंडीतलं असेल म्हणून मी बघितलंही नाही.

मी खाली बसून रडले. गोमेसाठी रडले की उकंडरावांसाठी की स्वतःच्या फजितीसाठी, देव जाणे. मग डोक्यात आलं की एवढ्या उन्हात ही खराब होईल. निदान नीट जपून ठेवली तर त्यांना बघता येईल. आणि जपून ठेवायची एकच रीत आम्हाला येत होती. तिला डब्यात घातलं, स्कूटर काढली, प्रयोगशाळा उघडली. नवी बरणी घेतली, तिच्यात फॉर्मॅलिन ओतलं, तिला आत सोडलं, झाकण गच्च फिरवलं आणि हात धुवायला बेसिनकडे वळले.

मागून आवाज आला. टक टक. टकटकटक.

मी वळले तर ती बरणीत उभी झाली होती आणि सगळे पाय काचेवर चालत होते. झाकण इतकं घट्ट बसवलं होतं की निघेना. साबणाचे हात घसरत होते. झाकण निघालं तेव्हा चिमटा सापडेना, तो बेसिनमध्ये राहिला होता. तो घेऊन आले तेव्हा आवाज थांबला होता. तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी बरणी कपाटात मागच्या बाजूला ठेवली आणि घरी आले.

संध्याकाळी त्यांचाच फोन. पाहुनी काय म्हनते? मी म्हटलं, गेली उकंडभाऊ, उन्हानं. वीज गेली होती. ते म्हणाले, "बरं जी." आणि पुढे, "तुमी जेवल्या ना?"

तीन आठवड्यांनी ते टाकी न्यायला आमच्याकडे आले. काळा चष्मा होता, तो त्यांनी आल्या आल्या काढून ठेवला. दोन्ही डोळे छान झाले होते, आमच्या भिंतीवरचा पोपडासुद्धा त्यांना दिसला. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चहाचं विचारलं. त्यांनी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरलं, टाकीतली माती त्यावर रिकामी केली, आणि हाताने चाळता चाळता थांबले. चिमट्याने काहीतरी उचललं. फुंकर मारून माती उडवली. ते कांद्याच्या सालीसारखं. चुरगळलं होतं, पण सगळं होतं: डोकं, मिशा, एकेक पाय. आतून रिकामं. ते त्यांनी उजेडाकडे धरलं आणि मला विचारलं, अगदी स्टाफरूमच्या दारातून विचारलं होतं तसंच, "मॅडम, हे काय हाय?"

या वेळी उत्तर मला येत होतं. दरवर्षी फळ्यावर आकृती काढते मी. कात टाकण्याआधी खाणं सुटतं, टाकल्यावर अंग मऊ आणि फिकं पडतं, काही दिवस हालचाल नसते. चार गुणांचा प्रश्न आहे तो.

"कात," मी म्हटलं.

"म्हंजे थे मेली नोती?"

"नव्हती."

मग सगळंच सांगितलं. टकटक न करता कवेलू उचललं इथपासून झाकण निघेना इथपर्यंत. काचेवरचा आवाजही सांगितला. उन्हाचं खोटं सांगितलं, हेही. माफ करा म्हटलं. ते कात तळहातावर घेऊन बसून होते. माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, आता उठतील आणि जातील, आणि ते बरोबरच होईल.

"तीस वरसं झाले," ते म्हणाले. "किती तरी जित्तेच गेले माह्या हातानं बरनीत. मेले म्हनून टाको, अन् थे आतून वाजवत. पयल्या साली एक इच्चू वाजवत होता, झाकन उघडाची हिंमत नाई झाली. तवापासून उचलाच्या आंधी वाजवून पाहो. आतून कोनी वाजवते काय."

एवढी वर्षं तो आवाज माझ्या कानाशी होत होता.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात आले. मी कपाटातून बरणी काढून दिली. त्यांनी खिडकीशी नेऊन नव्या डोळ्यांनी खूप वेळ बघितली, मग जुन्या टेबलाशी बसून लेबल लिहायला घेतलं. नाव लिहिलं. ठिकाण: मोरी, शेगाव नाका. तारीख लिहिली. संग्राहकाच्या ओळीशी पेन थांबलं. मी म्हटलं, या वेळी तरी तुमचं नाव टाका, उकंडभाऊ. त्यांनी मान हलवली. "म्या कुठं आनली जी तिले? थे सोता आली होती." ती ओळ त्यांनी कोरी सोडली, लेबल चिकटवलं आणि बरणी जागेवर ठेवली. टाकी त्यांनी परत नेली नाही. कात तेवढी नेली.

त्यानंतर ते अकोल्याला चंदाकडेच राहायला गेले. फोन यायचा अधूनमधून. प्रकृती, ऊन, माझ्या मुलाचं लग्न. गोमेचा विषय त्यांनी काढला नाही आणि काढायची माझी छाती झाली नाही. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला कळेना. जेवल्या ना, असं प्रत्येक वेळी विचारायचे, पण ते तर त्या संध्याकाळीही विचारलं होतं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच.

तेराव्यानंतर चंदाचा फोन आला. बाबांच्या चष्म्याच्या डब्यात किड्याचं साल निघालं आहे, फेकू का? मी म्हटलं, थांब, मी येते. बस पकडून अकोल्याला गेले. तिने डबा माझ्या हातात दिला. कापसावर कात ठेवली होती, एकही पाय मोडलेला नव्हता. मी तिला विचारलं, बाबा माझ्याबद्दल काही बोलायचे का? तिने आधी मला पाणी दिलं.

"हे हातात घेऊन बसत तवा एकच गोठ म्हनत," ती म्हणाली. "म्हने, मॅडमनं सांगून देल्लं. म्या तं तीस वरसं कोनाले सांगतलंच नाई."

कात आता त्या बरणीशेजारी आहे. तपासणीला आलेले लोक लेबलावरच्या कोऱ्या ओळीकडे बोट दाखवतात आणि मी भरते म्हणून सांगते. भरत नाही. बरणी उचलायच्या आधी नखाने दोनदा वाजवते आणि जरा थांबते.